कोरड्या बोअरमधला गुलाल

पाटणजवळच्या आमच्या गावात मी संडासाच्या टाकीचं पाणी कोरड्या बोअरमध्ये सोडलं आणि त्या अकलेची गावभर फुशारकी मारली. मग शेजारच्या धाकट्या चुलतभावाचा नातू काविळीनं साताऱ्याच्या दवाखान्यात पडला.

"दादा, तुजी घाण माज्या हिरीत येतीया."

जत्रेतला उरलेला गुलाल मी संडासात ओतला. "हिरीत रंग दिसला तर मार मला."

तिसऱ्या दिवशी विहीर गुलाबी झाली. त्यानं फावड्याच्या दांड्यानं माझे पुढचे चार दात पाडले, बरगडी मोडली. बायको दारातनं म्हणाली, "भावजी, डावी बाजू राहिली बगा."

रक्त थुंकत मीच बोअरमधला पाइप उपटला. नातू वाचला. आता माझ्यासमोर बसून तो दातानं ऊस सोलून खातो, मी बघतो.