म्हशीनं मारलं

"अगं, म्हस तर परवा बेल्ह्याच्या बाजारात इकली तुझ्या मालकानं!"

गिरणीवाल्याची आई बोलली आन् दळणाला बसलेल्या समद्या बायका खदाखदा हसल्या. माझा व्हट फुटलेला, डोळा काळानिळा. कुणी इचारलं की माझं ठरलेलं, "म्हशीनं ढुशी मारली." त्या दिवशीबी तेच तोंडातनं गेलं. गोठ्यात म्हसच न्हाई, ह्याचं भान न्हाई.

मीबी हसले. अगं बया, मीबी हसले! व्हटातनं रगत आलं तवा थांबले.

जुन्नरजवळच्या आमच्या गावात नवरा दूध डेअरीचा सेक्रेटरी. पांढरी कापडं, गोड जीभ. लोक भाऊ म्हणायचे, भांडणं मिटवायला बोलवायचे. घरी आला की दार लावून मारायचा. भाकरी कडक झाली म्हणून. मऊ राह्यली म्हणून. पुढं पुढं मारायचीबी गरज उरली न्हाई. त्यो नुसता खाकरला तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं. माहेरी गेले तरी पाणी प्यायच्या आधी आईच्या तोंडाकडं बघायचे, पिऊ का म्हणून.

पण गिरणीत भ्या वाटलं ते येगळंच. "म्हशीनं मारलं" म्हणताना मला खरंच ती म्हस दिसली व्हती. शिंगं दिसली. त्याची बुक्की आठवतच न्हवती.

अंगाची आग आग झाली. उठून उभी राह्यले.

"नवऱ्यानं मारलं. बुक्कीनं. चुलीम्होरं."

"हळू बोल की," गिरणीवाल्याची आई म्हणाली. "घराची अब्रू असती, बाई."

"आन् माझी नसती व्हय?"

हसणाऱ्यांतल्या एकीनं मनगटावर पदर वढला.

सांजच्याला त्यानं दारातच गाठलं. "गिरणीत काय बरळलीस?"

मी बोलले, "झालं ते. आता मारलं तर उद्या डेअरीत सांगीन."

त्यानं मारलं.

सकाळी डेअरीत दूध घालायला माणसांची रांग लागली व्हती. त्यो दुधाचं फॅट मोजत व्हता. मी तोंड न धुता मधोमध उभी राह्यले. "तुमच्या ह्या भाऊनं काल मला मारलं. बघा," म्हणून वरडले. कुणी माझ्या बाजूनं बोललं न्हाई. एकानं तर "घरचं घरात ठेवावं" म्हणून मलाच झापलं.

घरी गेले न्हाई. तशीच जुन्नरच्या यष्टीत बसले, पोलीस ठाण्यात जायला. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता इचारलं, "काय झालं वो, ताई?"

"नवऱ्यानं मारलं."

यष्टीतली माणसं वळून बघाय लागली. बघू द्या. आता जो इचारंल त्याला हेच सांगणार. न इचारंल त्यालाबी.