वाळलेल्या कुरडयांची राखण

आमच्या इमारतीत एका बाईविषयी असं बोललं जातं की ती न सांगता काम सोडून गेली. हे खरं नाही. तिने सांगितलं होतं. मला सांगितलं होतं.

बाई वळसंगकडच्या. माझी नात काही महिन्यांची असताना तिला सांभाळायला आमच्याकडे लागल्या. मुलगा बँकेत, सून कॉलेजात शिकवते. दोघं सकाळी बाहेर पडत ते दिवेलागणीला येत. घरात मी, नात आणि या बाई. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच लहान होत्या, पण घरात एकच पद्धत असलेली बरी. त्या मला आबा म्हणत. चिडल्या की कानडीत बोलत. मला कानडी येत नाही, त्यामुळे आमचे संबंध चांगले राहिले.

माझ्याकडे देखरेख होती. देखरेख म्हणजे हॉलमधली खुर्ची. पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर हेच केलं असल्याने वेगळं शिकावं लागलं नाही.

दुपारी नात झोपली की मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसत. त्या बसल्या की मला कामं आठवत. "मावशी, बसलाच आहात तर एवढ्या शेंगा सोला." "बसलाच आहात तर माझा चष्मा कुठे दिसतो का बघा." या गोष्टींना मी काम समजत नव्हतो. काम म्हणजे जे उभं राहून करतात ते, अशी माझी समजूत होती.

मग मावशींनी वाळवण काढलं. उन्हाळ्यात कुरडया केल्या आणि दुपारी राखणीला गच्चीवर जायला लागल्या. राखण करणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी दुसरं काम सांगत नाही. नात झोपायची, मी खाली बसायचो, मावशी वर. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी स्वखुशीने गच्चीवर कोण जातं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. ज्याला खाली त्याहून जास्त तापतं, तो जातो.

कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या. त्यातल्या मूठभर मात्र सुपातच राहिल्या. आषाढ आला तरी मावशी सूप घेऊन वर जात होत्या. आमच्याकडे पावसाचा तसा फारसा व्यत्यय नसतो. श्रावणातही गेल्या. तेव्हा त्या कुरडया आमच्या घरातली सर्वांत वाळलेली वस्तू असाव्यात.

एकदा मी वर जाऊन पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मावशी पाय लांब करून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. सूप शेजारी. सुपाच्या काठावर एक कबुतर बसलं होतं आणि तेही काही खात नव्हतं.

मी आवाज न करता खाली आलो. कुणालाही काही सांगितलं नाही. हा मी माझा मोठेपणा समजलो. पण दुसऱ्या दिवसापासून मी जिन्यात उभा राहून हाक मारायला लागलो. "मावशी, वर आहातच तर दोरीवरचे कपडे घेऊन या." "वर आहातच तर टाकी भरली का बघा."

रविवारचं आता सांगतो. रविवारी मावशींना सुट्टी, असं ठरलं होतं. पण आम्ही त्यांना कधी परकं मानलं नाही. "तुम्ही घरच्याच," असं मीच पहिल्यांदा म्हणालो आणि ते सगळ्यांना पटलं. त्यामुळे रविवारी कुठे निघालो की घरच्या माणसाला सोडून कसं जायचं, म्हणून त्यांनाही न्यायचो. तुळजापूरला नेलं, अक्कलकोटला नेलं. बारशांना नेलं. तिथे नात त्यांच्या कडेवर असे आणि सुनेला निवांत जेवता येई. अल्बममध्ये मावशींचा फोटो नाही, पण दुधाची बाटली धरलेला त्यांचा हात बऱ्याच फोटोंत आहे.

पहिल्या वर्षी मावशी नातीशी सारख्या बोलत. कावळ्याची खबर, खालच्या कुत्रीची पिल्लं, रिक्षावाल्याचं भांडण. दुसऱ्या वर्षी बोलणं कमी झालं. नात विचारी, त्या "हं" म्हणत. पोर मोठी झाली म्हणून बाई निवांत झाली, असं मी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "तुमचं लक्ष असतं म्हणून बरं, बाबा."

एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो. बेसिनचा नळ सुरू होता आणि मावशी खाली फरशीवर बसल्या होत्या. मी नळ बंद केला. तेव्हा त्या बोलल्या.

"आबा, जरा बोलायचं हाय."

"बोला की."

"आज पोरीवर हात उगारला मी."

"मारलंत?"

"न्हाय. आज आवरला. उद्या आवरंल का, ठावं न्हाय."

मी पाणी प्यायलो.

"मला रविवारचं नेऊ नका," मावशी म्हणाल्या. "एक दिस घरी नुसतं पडून ऱ्हायचंय. कुणी काय मागायचं न्हाय, कुणी हाक मारायची न्हाय. मग सोमवारी येते की चांगली."

"सुनेला सांगा ना."

"ताई दमून येत्यात. त्यांच्या तोंडाकडं बघितलं की बोलवत न्हाय. तुमी घरातले मोठे. तुमी सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. का, तर हात उगारल्याचं कळलं तर सून त्यांना त्याच दिवशी काढेल, त्यापेक्षा गप्प राहिलेलं त्यांच्याच भल्याचं, असं मी स्वतःला समजावलं. रविवारची गोष्ट हाताचा विषय न काढताही सांगता आली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मावशी रविवारी नसल्या की नात दिवसभर माझ्या अंगावर असे.

त्या रविवारी टेंभुर्णीला साखरपुडा होता. सकाळी गाडी काढली, सुनेने मावशींना फोन केला, मावशी आल्या. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मोहोळपर्यंत मी उसाचा बराच अभ्यास केला.

पुढच्या रविवारी सुनेचा फोन त्यांनी उचलला नाही. सोमवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. जेवताना मुलगा म्हणाला, "काही बोलल्या होत्या का बाबा तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "यांचं असंच असतं. घरच्यासारखं वागवलं तरी न सांगता जातात."

हे वाक्य सुनेने शेजारी सांगितलं, शेजारणीने खाली. पोर सांभाळायच्या कामात बाईविषयी यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही. आमच्या इमारतीत नंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. समोरच्या इमारतीतही नाही.

दुसरी बाई मिळेपर्यंत नातीला मी सांभाळलं. मिळायला वेळ लागला. आठवड्याभरातच माझा हात वर गेला. आवरला. दुपारी नात झोपल्यावर मी सूप काढलं, त्यात डब्यातल्या कुरडया घातल्या आणि जिन्यापर्यंत गेलो. तिथे लक्षात आलं की मावशी वर जायच्या तेव्हा खाली मी असायचो. आता खाली कुणी नव्हतं. मी परत येऊन सूप मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो. नात लगेच उठली.

ही झाली जुनी गोष्ट. नात आता शाळेत जाते. दोन महिन्यांपूर्वी खालच्या मजल्यावरची मुलगी बाळंतपणाची रजा संपत आली म्हणून सुनेकडे विचारायला आली. बाळाला कुणीतरी हवं होतं. कुणीतरी तिला मावशींचं नाव सुचवलं होतं.

"तुमच्याकडे होत्या ना त्या, काकू? कशा आहेत?"

सून म्हणाली, "काम चांगलं होतं गं. पण—"

"सांगून गेल्या होत्या," मी खुर्चीतून म्हणालो.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी पेपर खाली ठेवला. "मला सांगून गेल्या होत्या. रविवारी घरी राहू द्या म्हणाल्या होत्या. मी निरोप दिला नाही."

खालची मुलगी फरशीकडे बघायला लागली. सुनेने विचारलं, "रविवारीच कशाला हवं होतं?"

"झोपायला."

मुलगी गेल्यावर मी सुनेला हात उगारल्याचंही सांगितलं. म्हटलं, आता राहिलंच कशाला. तिने बराच वेळ टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

"मी तर आठवड्यातून एकदा तरी उगारते, बाबा," ती म्हणाली. "त्यांनी निदान येऊन सांगितलं." मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा बोलायला हवं होतं." त्या दिवशी ती माझ्याशी तेवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली आणि त्या मुलीला काय ते नीट सांगून आली. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

मावशी आता खालच्या मजल्यावर येतात. त्यांनी येण्याआधीच अट घातली, असं ऐकलं: रविवारी फोन करायचा नाही, आणि दुपारी बाळाची आजी खाली बसेल तेवढा वेळ त्या वर. जिन्यात भेटल्या तेव्हा मीच थांबलो.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

"कळलं."

"फार उशीर झाला."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "लई उशीर झाला, आबा." आणि पिशवी घेऊन गेल्या.

मला वाटलं होतं, त्या काहीतरी पुढे म्हणतील. तसं काही झालं नाही, आणि व्हायला हवं होतं असंही नाही.

नात शाळेत असते त्या वेळी हल्ली मी गच्चीवर जातो. पाठ टेकायला टाकीची भिंत बरी आहे. परवा मावशी सूप घेऊन वर आल्या. मला पाहून थबकल्या. मी उठायला लागलो.

"बसा, बसा," त्या म्हणाल्या. सूप त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. त्यात मूठभर कुरडया होत्या. "बसलाच आहात तर एवढं राखा की जरा."

मग टाकीच्या पलीकडच्या सावलीला जाऊन त्या आडव्या झाल्या. थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज आला. खालून कुणीतरी मावशी, मावशी अशी हाक मारली. मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेलो.

"त्या कामात आहेत," मी सांगितलं, आणि परत येऊन बसलो.