मृत्यूनंतरच्या त्रेसष्ट भेटी

आमच्या प्रकल्पात सात देशांतील अकरा रुग्णालये होती आणि त्या सर्वांना एकत्र बांधून ठेवणारी माख्टेल्ड दे क्लेर्क ही एकच बाई होती. पद समन्वयकाचे. प्रत्यक्ष काम म्हणजे स्मरणपत्रे पाठवणे, सह्या गोळा करणे आणि काहीही न ठरलेल्या बैठकीचे इतिवृत्त काही ठरल्यासारखे लिहिणे. बेल्जियममधल्या लूव्हेन शहरात तिच्याच कचेरीत मी संख्याशास्त्रज्ञ आहे. वीस वर्षांत या व्यवस्थेविषयीचे माझे मत सुधारलेले नाही.

माख्टेल्डमध्ये एक गोष्ट मात्र या व्यवस्थेला न शोभणारी होती. तिला प्रश्न पडत. फुप्फुसांच्या जुनाट आजारावरचा आमचा अभ्यास असा चाले की कोणत्याही रुग्णाची माहिती रुग्णालयाबाहेर पडत नसे. आम्ही प्रश्न पाठवायचे आणि त्यांनी फक्त आकडे कळवायचे. इतरांना आकडा मिळाला की समाधान होई. ही बाई विचारी, "हा आकडा तिथे नेमका कोणी टाइप केला असेल रे?"

त्या मार्चमध्ये समुद्रकाठच्या एका छोट्या रुग्णालयाचा आकडा आला. मृत्यूनंतरच्या भेटी : त्रेसष्ट. मृत्यूची तारीख उलटून गेल्यावर कोणी तपासणीला येऊ नये, हा पडताळणीचा नियम मीच लिहिला होता. बाकी दहा ठिकाणी उत्तर शून्य होते. आमचे फिनलंडचे भागीदार प्राध्यापक रुओहोनेन यांनी तात्काळ लिहिले की असल्या बेशिस्त रुग्णालयाला वगळावे. निर्णय शुक्रवारच्या ऑनलाइन बैठकीत.

त्या रुग्णालयाला आत घेण्यासाठी माख्टेल्डने दोन वर्षे खर्ची घातली होती. आयुष्यभर बोटींवर आणि गोदीत राबलेल्या माणसांची फुप्फुसे अन्य कोणत्याही भागीदाराकडे नव्हती.

"एका ओळीचं काम आहे," मी म्हणालो. "त्या त्रेसष्ट नोंदी गाळतो. कुणाला पत्ता लागणार नाही."

"आणि मेलेली माणसं दवाखान्यात कशाला येतात, ते मला कसं कळणार?" असे म्हणून तिने बुधवारच्या गाडीचे तिकीट काढले. मलाही ओढून नेले.

श्वसनविभागाच्या परिचारिका गोडलीव्ह निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळले.

"लूव्हेनहून दोन-दोन माणसं! म्हणजे आमचं नक्कीच काहीतरी चुकलंय."

"ते अजून ठरायचंय, सिस्टर," माख्टेल्ड म्हणाली. "मी फक्त बघायला आले."

"बघायला? इथे आजवर सगळे सांगायलाच आलेत. बसा, बाई. यांना काय, कॉफीत दूध घालू, की या आंबट चेहऱ्याने ते नासेल?"

मी काळी कॉफी घेतली.

नावांच्या रकान्यावर तळहात आडवा धरून गोडलीव्ह यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. प्रत्येक मृत्यूनंतर साधारण सहा आठवड्यांनी एक भेट; दर गुरुवारी, दुपारी दोन वाजता, कोपऱ्यातली खोली. ना रक्ततपासणी, ना औषध.

"हे कोण?" माख्टेल्डने विचारले.

"बायको. नवरा. एकदा तर शेजारी. माणूस गेला की घरचे आठवडाभर सगळ्यांना कॉफी पाजतात. सहा आठवड्यांनी त्यांना कुणी पाजत नाही. म्हणून मी बोलावते. शेवटच्या रात्री काय झालं, त्रास झाला का, हे त्यांना तेव्हा विचारायचं असतं. आधी सुचत नाही."

"मग नोंद मयताच्या नावावर का?"

"जिवंत माणूस आमचा रुग्ण नाही, बाई! रुग्णाच्या क्रमांकाशिवाय यंत्र खोली देत नाही. मग मी मयताला बोलावते. तो काही तक्रार करत नाही."

माख्टेल्ड हसली, आणि लगेच गंभीर झाली. कारण सांगितले नाही तर रुग्णालय प्रकल्पातून जाणार. सांगितले तर व्यवस्थापनाला कळून खोली जाणार.

"हे मी शुक्रवारी सांगू का, सिस्टर? तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार."

गोडलीव्ह यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. "सांगा. चूक म्हणून आमची नोंद पुसली जायला नको. पण खोली काढून घेतली, तर आमच्या संचालकांशी तुम्हीच भांडायचं."

शुक्रवारी माख्टेल्डने कारण सांगितले आणि त्यानंतर कोणालाही नको असलेला एक प्रश्न विचारला. "तुमच्याकडे शून्य कसे?"

रुओहोनेन म्हणाले, "शून्यच असायला हवे. तसल्या नोंदी आम्ही पाठवण्यापूर्वी काढून टाकतो."

"म्हणजे असतात?"

"चुका असतात त्या, माख्टेल्ड."

"कुणी उघडून पाहिल्या?"

पडद्यावरच्या दहा चौकटींतले चेहरे आपापल्या कागदांत बघू लागले. मग लिस्बनच्या डॉक्टरीण बाई अडखळत म्हणाल्या, "आम्हीही काढतो. पाहत नाही." एकेक करत बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आमचे दहा स्वच्छ भागीदार घर झाडून पाहुणे बोलावणारे निघाले. केर लपवण्याचे न सुचलेले एकच रुग्णालय वगळले जाणार होते. रुओहोनेन यांनी प्रस्ताव मागे घेतला. क्षमा मागितली नाही. तशी पद्धत नाही.

संचालकांशी माख्टेल्ड तीन आठवडे भांडली. शेवटी त्यांनी गुरुवारची खोली गोडलीव्ह यांना दिली, मात्र अशा अटीवर की त्या भेटींची नोंद यंत्रात होऊ नये, साध्या वहीत व्हावी. एवढी सोपी तडजोड सुचायला त्यांना तीन आठवडे लागले.

जूनमध्ये मी पडताळणी पुन्हा चालवली. समुद्रकाठच्या रुग्णालयातून नवी एकही भेट आलेली नव्हती. समिती समाधानी होती, आणि माझा नियम, जो मुळातच चुकीचा प्रश्न विचारत होता, निर्दोष ठरला.

माख्टेल्ड मात्र शेजारच्या टेबलावर बसून बाकीच्या दहा रुग्णालयांना पत्र लिहीत होती. तुम्ही ज्या नोंदी पुसल्या, त्या दिवशी तुमच्याकडे कोण आले होते? आजवर दोघांचे उत्तर आले आहे. लिस्बनच्या बाईंनी लिहिले आहे की त्या स्वतः जाऊन चौकशी करत आहेत.