गोड्या पाण्याचा माठ

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं न्हाई, आणि करणारही न्हाई. परभणीच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्राचा प्रमुख होता आणि मी त्याच्या प्रयोगशाळेतला परिचर. तोंडावर मी त्याला सर म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते कागदावर येण्यासारखं न्हाई.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नोकरी टेंपररी होती. आई ताडकळसला लोकाच्या रानात खुरपायला जायची. मी कायम झालो की तुझं खुरपं माळ्यावर टाकू, असं मी तिला सांगून बसलो होतो. ती ते अख्ख्या गल्लीला सांगून बसली होती.

तेवढ्यात सरांना समुद्रातले मासे पाळायचं सुचलं. परभणीत! आमच्याकडं समुद्राचं म्हणून वाळका बोंबील तेवढा यायचा, तोही बाजारच्या दिवशी. काचेची मोठी टाकी आली. मुंबईहून रेल्वेनं डबेच्या डबे खारं पाणी आलं आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे पाच मासे आले. महिन्या-दीड महिन्यानं विद्यापीठाची समिती येणार होती. तेव्हा मासे जिवंत दिसले तर तुझ्या कायम होण्याच्या अर्जावर सही करतो, असं सर बोलले. मग काय, तळहातावरच्या फोडासारखे जपले मी ते.

आठवड्यानं आणखी दोन आले. नवा मासा तीन आठवडे अलग बरणीत ठेवायचा, त्याच्या अंगावरचा रोग जुन्यांना लागतो, हे सरांनीच मला पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. मी बरण्या धुऊन तयार ठेवल्या. पण त्याच दिवशी प्राचार्य बायकोला घेऊन मासे बघायला आले, आणि शोभा वाढावी म्हणून सरांनी नवे दोन सरळ टाकीत सोडले. तीन आठवडे थांबायचं होतं ना, असं मी हळूच म्हणलं, तर चारचौघांत माझी अक्कल काढली.

पाचव्या दिवशी माशांच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके. दोन मासे पोट वर करून तरंगायलेत. सर आले, बघितलं आणि सगळं वड्याचं तेल वांग्यावर. म्हणे तुझेच हात घाण असतील. एवढं बोलून ते नांदेडला लग्नाला निघून गेले.

मी पुस्तक उघडलं. इंग्रजी अडत अडत वाचायचो, पण वाचायचो. असा मासा दोन-चार मिनिटं गोड्या पाण्यात बुडवायचा, की अंगावरचे किडे गळतात. मग ताज्या खाऱ्या पाण्यात अलग ठेवायचा. खारं पाणी डब्यात शिल्लक होतं. गोडं कुठून आणू? कॉलेजची विहीर मचूळ, गोडं पाणी फक्त एका ठिकाणी: प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या माठात.

तो माठ प्राध्यापकांचा. मी बौद्ध. माझा गिलास खिडकीच्या गजाला टांगलेला असायचा. तहान लागली की शिपाई वरून धार धरायचा आणि मी खाली गिलास धरायचो. कोणी हुकूम काढला नव्हता, आपोआप चाललेलं. शिवाशिवीविरुद्ध कायदा कधीच झाला होता, पण माठाला तो कोणी सांगितला नव्हता.

शिपाई जेवायला गेलेला. टाकीत एक मासा आडवा झाला. मी माठावरचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घालून पाणी काढलं. भीती वाटली का? वाटली, लय वाटली. उरलेले पाचही मासे एकेक करून बुडवले, बरण्यांत अलग ठेवले. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. ठिपके गळाले.

सर परतले तेव्हा मासे पोहत होते. पण तिसऱ्या दिवशी शिपायानं मला माठापाशी बघितलं होतं, त्यानं चुगली केलीच. सरांनी बरण्यांकडं बघितलंसुद्धा न्हाई. माठ उचलायला लावला, लिंबाखाली ओतला, फोडला.

"पाणी बाटवलंस," एवढंच बोलले.

आणि त्याच दुपारी टाकी कशी आहे बघायला बाह्या सारून त्याच पठ्ठ्यानं तिच्यात हात घातला. त्या टाकीत माझा हात दिवसातून दहादा असायचा. ते पाणी बाटत नव्हतं, कारण ते प्यायचं नव्हतं.

तीन आठवडे दिवस मोजून मासे बरण्यांत ठेवले, मग टाकीत सोडले. समिती आली, खूश झाली. गोड्या पाण्याचा उपाय सरांनी रंगवून सांगितला, जणू त्यांनीच केलेला. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. गरज सरो, वैद्य मरो. पण सही झाली, आणि ऑर्डर आली.

सरांनी हसत पेढा पुढं केला. तोंड गोड कर म्हणाले. मला आईचं खुरपं आठवलं, गप्प बसावं असंही वाटलं. पण जीभ ऐकंना.

"पेढा ऱ्हाऊ द्या, सर. तुमच्या माठातलं गिलासभर पाणी द्या, तुमच्या हातानं."

सर पेढा कागदात गुंडाळत म्हणाले, "आज माठ रिकामा आहे."

नवा माठ गळ्यापर्यंत भरलेला होता, बुडाला पाझर फुटला होता आणि खालच्या फरशीवर पाण्याचं थारोळं साचलेलं होतं. फडकं आणून ते मीच पुसलं.