अक्कांची बरणी माझ्या बैलाच्या पाठीवर

बैलाबद्दल सकाळीच लिहायचं होतं, पण भरीत खायला गेलो आणि तिथून मित्राची बंद पडलेली स्कूटर ढकलत बसलो. आता लिहितोच.

मंडळी, फुटक्या कपबश्यांचे तुकडे जोडून केलेला माझा बैल आज पिंप्राळ्यात आमच्या गच्चीवर उभा राहिला. झकास जमलाय! फक्त वशिंड जमत नव्हतं. शेजारच्या वहिनींनी जिन्याखाली पडलेली तडकलेली लोणच्याची बरणी दिली. "घेऊन जा भाऊ, अडगळच आहे." तिचा गोल खांदा कापून मी सिमेंटने पक्का बसवला.

दुपारी त्यांच्या सासूबाई, अक्का, अंगणातून ओरडल्या, "मनी बरनी कोठे शे? मना मायनी दिन्ही व्हती!"

वहिनी घरात सटकल्या. मीच सांगितलं, "अक्का, तुमच्या आईची बरणी मी बैलाला लावली."

अक्कांनी दार आपटलं.

बैल मी पुन्हा करीन, हात आहेत. पण तो फोडून बरणी थोडीच जुळणार? तुम्ही काय केलं असतं?

थांबा, गुडघ्यांमुळे कधीच जिना न चढणाऱ्या अक्का गच्चीवर आल्यात! हातात बरणीचं झाकण. बैलाच्या गळ्याकडे बोट दाखवून, झाकण पुढे करत म्हणतात, "याले घंटा कोठे शे? हाई बांध!"