काजलचा प्रोजेक्ट आणि मावशींचं टेबल

परवा रविवारी मोशीला पेढे खायला गेले होते. पेढा हातातच राहिला... तेव्हापासून कोणाशी तरी बोलावंसं वाटतंय, म्हणून ही पोस्ट.

मी कॉलेजात शिकवते. आमची डिग्री जरा वेगळी आहे. पोरं आठवडाभर चाकणच्या कंपन्यांत काम करतात, शनिवारी वर्गात बसतात आणि शेवटच्या वर्षी आपल्याच कामातला एक प्रश्न शोधून त्याचं उत्तर काढतात. "प्रश्न पुस्तकातून उचलून आणलात तर मी वाचणारसुद्धा नाही," असा माझा दम असतो.

काजल माझी विद्यार्थिनी. लातूरकडची, मोशीत खोली घेऊन राहते. तिच्या कंपनीत रबरी सील बनतात. सीलच्या कडेला जास्तीचं रबर राहायचं, ते ब्लेडने कापायला बायकांचं एक टेबल होतं. काजलला काम शिकवलं ते याच टेबलावरच्या सुनंदामावशींनी. मावशी तिच्या शेजारीच राहतात. पोरगी उपाशी झोपू नये म्हणून रोज तिच्या वाटणीची भाकरी थापायच्या.

काजलने प्रश्न काढला... हे जास्तीचं रबर मुळात येतंच का? अगं बाई, मी तर भर वर्गात टाळी वाजवली!

ती मशीनपाशी उभी राहून बघत राहिली. शिफ्ट बदलताना साचा कोणी पुसतच नव्हतं. यांना वाटायचं ते करतील, त्यांना वाटायचं यांनी केलं असेल. जुनं रबर चिकटून साचा नीट मिटायचा नाही आणि फटीतून नवं रबर बाहेर यायचं. साचा वेळेवर साफ व्हायला लागला आणि सील एकदम चकाचक यायला लागले. कंपनी खूश, काजलला तिथेच पर्मनंट नोकरी, वर पहिला नंबर. मी तर हवेतच होते...

आणि टेबल उचललं. कापायलाच काही उरलं नाही, तर बायका कशाला? सगळ्या कॉन्ट्रॅक्टवरच्या. "उद्यापासून येऊ नका"... विषय संपला.

काजलचा फोन आला. "मॅडम, कशामुळे काढलं ते मावशींना माहीतच नाही. मला सांगायचंय. तुम्ही याल का सोबत?"

दोघी मावशींच्या घरी गेलो. पेढे मावशींनीच आणले होते. "माझी पोरगी पयली आली!" म्हणत माझ्या हातावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमची वळख आसंल कंपनीत. मला परत घ्या म्हनावं. या वयात दुसरीकडं कोन उभं करतंय?"

काजलला रडूच फुटलं. रडत रडतच तिने सगळं सांगितलं... साचा, प्रोजेक्ट, टेबल.

"म्हंजी तू केलंस व्हय?" मावशींनी एवढंच विचारलं. काजलने मान डोलावली.

मी मध्ये तोंड घातलं. दोष तिचा नाही, कंपनीने तुम्हाला दुसरं काम द्यायला हवं होतं, वगैरे. मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच आहे. माझ्या भाषणावर त्यांची चूल थोडीच पेटणार होती?

निघताना रीतीप्रमाणे त्यांनी कुंकवाचा करंडा आणला. मला कुंकू लावलं. काजल कपाळ पुढे करून उभी राहिली... मावशींनी झाकण लावलं आणि आत निघून गेल्या.

जिन्यात काजलने विचारलं, "मॅडम, मी प्रश्न काढायलाच नको होता का?" फार वाईट वाटलं... अजून वाटतंय.

शनिवारी नवी बॅच येईल. प्रश्न विचारा, हे त्यांनाही सांगेनच. पण उत्तर कोणाच्या पोटावर येतंय तेही बघा, हे या वेळी पहिल्याच तासाला सांगेन.

काजल, तुझा रिपोर्ट कधीच जमा झाला होता. मार्क मिळाले होते, नोकरी लागली होती. गप्प बसली असतीस तर मावशींना कधी कळलंही नसतं, आणि आजही तुला त्यांच्या हातची भाकरी मिळाली असती. तरी तू त्या दारात गेलीस... हे मी तुला शिकवलेलं नव्हतं गं.