आलोच आहोत तर: भोरहून पासलीला

"चला दाजी, पासलीला जाऊन येऊ," असे माझा मेहुणा बापू एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, आणि बशी खाली ठेवायच्या आत त्याने पायात वहाणा घातल्या. पासली म्हणजे भोरच्या वेशीबाहेरचे शेत नव्हे. ते वेल्ह्याच्याही पलीकडे, डोंगरात आहे.

"कशाला?" मी विचारले.

"असंच. नसरापूरच्या बाजारात तिथला एक मानूस भेटलेला. धोंडिबा म्हनून. त्याचा पोरगा हाय लग्नाचा. बघून तर येऊ."

लग्नाची मुलगी म्हणजे माझी नात शेवंता. तिचा बाप, माझा मुलगा, गेला तेव्हा ती रांगत होती. तिला मी वाढवले. दोन वर्षे मी तिच्यासाठी स्थळे बघतो आहे, माणसे पाठवून, नीट चौकशी करून, आणि आलेली सगळी नाकारली आहेत. म्हातारा पोरीला घरातच ठेवणार, असे लोक बोलतात. बोलोत. विहिरीचे पाणी आपण गाळून पितो, मग मुलगी काय डोळे मिटून द्यायची?

तरी मी निघालो, ते एकाच भीतीने. बापू एकटा गेला तर काहीतरी ठरवूनच परत येईल. घोंगडी घेतो म्हटले तर "संध्याकाळी परत यू." भाकरी बांधून घेऊ म्हटले तर "वाटंत खाऊ." बायको दारात उभी राहून भावाच्या बाजूने हसत होती. तिथूनच माझे डोके तापले.

भोरहून पुण्याकडे जाणारी सर्व्हिस मोटर सकाळी सुटते, असे सगळे सांगतात. खरे म्हणजे ती भरली की सुटते. तुम्हाला जायचे असेल तर घाई करू नका, पण मागच्या बाकावरही बसू नका, धुळीने मिशी पांढरी होते. माझी आधीच पांढरी आहे म्हणून बापूने मला मागे बसवले. भाडे गर्दी बघून सांगतात. सुटे आणे जवळ ठेवावेत.

नसरापुरात पोट भरून घ्यावे, पुढे विकत काही मिळत नाही. भजी गरम असतील तरच घ्यावीत. आमची नव्हती. तिथून वेल्ह्याकडे जाणारी एक बैलगाडी उभी होती, गाडीवान हाका मारत होता. पण बापू म्हणाला, "आलोच आहोत तर बनेश्वराचं दर्शन घेऊ." दर्शन झाले. कुंडात पाय बुडवून झाले. परत आलो तेव्हा गाडीच्या जागी शेण पडलेले होते.

दुपार टळल्यावर मिठाची पोती घेऊन मार्गासनीला जाणारा एक गाडीवान मिळाला. त्या पोत्यांवर बसून मी मनातल्या मनात बापूचे शब्द मोजत होतो. सहज. असंच. जाता जाता. हातासरशी. उभ्या उभ्या. बसल्या बैठकीला. आलोच आहोत तर. तयारी करायची म्हटली तर मला तयारी हा एकच शब्द सुचतो, आणि ती न करायला मात्र बघा केवढा खजिना! मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण एवढे मला कळते की ज्या गोष्टीचे लोकांना प्रेम असते, तिला ते नावेही पुष्कळ देतात.

गाडीवानाने विचारले, "कुनाकडं जायचं?"

"सोयरीक बघाया, पासलीला," बापू म्हणाला.

"सांगावा धाडलाय न्हवं?"

"सांगावा कशाला? अवचित गेलं म्हंजी खरं घर दिसतं."

"आन घरात कुनी नसलं तर?"

"तर दार दिसंल."

दोघे हसले. मला हसू आले नाही. रात्र मार्गासनीच्या देवळात फरशीवर काढली. माझी घोंगडी भोरला खुंटीवर होती आणि बापू माझ्या धोतराचा सोगा पांघरून घोरत होता.

सकाळी चालत वेल्हे. माथ्यावर तोरणा सगळी वाट सोबत असतो आणि जवळ येता येत नाही. ज्यांना गड चढायची हौस आहे त्यांनी इथे मुक्काम करावा. मी वर पाहिले नाही. माझे लक्ष वाटेकडे होते. वेल्ह्यापुढे पासलीची वाट चढाची, दगडांची, आणि मध्ये ओढे. तेव्हा ते कोरडे होते, पण काठावरच्या झुडपांत माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर वाहून आलेला काडीकचरा अडकलेला होता. म्हणजे पावसात पाणी तिथपर्यंत चढते. कुणी आजारी पडले तर डोलीत घालून न्यायचे कसे, आणि पोर माहेरी येणार कधी? मी बापूला तो कचरा दाखवला. तो म्हणाला, "चिमनीचं घरटं असंल."

धोंडिबा घरीच होता. माणूस भला, हे कबूल करतो. आम्हाला बघून त्याची बायको आधी शेजारी पळाली आणि कोंबडी घेऊन आली. तांदळाची भाकरी इतकी मऊ होती की माझ्या दातांनी तिला दुवा दिला. जेवताना मी सगळे पाहून घेतले. छप्पर गवताचे. चुलीचा धूर बाहेर पडायला वाट नाही. पाण्याचा झरा खाली, आणि तिथून वर येणाऱ्या बाया वाटेत हंडा ठेवून दम खात होत्या. भातखाचरे चांगली, बैल चांगले.

हात धुतो न धुतो तोच ओटीवर भावकी जमली. कुणी बोलावली देव जाणे. पानाचे ताट आले. धोंडिबा म्हणाला, "पाव्हनं आलंच हायती, तर सुपारी फोडून टाकू."

"टाकू की! हातासरशी व्हऊन जाऊ दे," बापू म्हणाला.

सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मागे फिरता येत नाही. अडकित्ता सापडेना. तेव्हा बापूने सरळ माझ्या मांडीवरच्या पानसुपारीच्या चंचीत हात घातला आणि माझा अडकित्ता काढला. मी त्याचे मनगट धरले. सुपारी ताटातून उडून ओटीखाली गेली.

"शेवंता माझी नात हाय," मी ओरडलो. "त्या वड्यांपल्याड पोर देनार न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई!"

आतून धोंडिबाची बायको म्हणाली, "आमच्या सुना काय वड्यातनं वाहून जात्यात व्हय?"

"तू गप," धोंडिबा तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "नगं तर नगं, बाबा. पान खाऊन जावा. पान खाल्लं म्हनून कुनी बांधलं जात न्हाई."

मी पान खाल्ले. ते गिळताना काय वाटले ते लिहीत नाही.

परतीच्या वाटेवर वेल्हे आले. तेव्हा बापू बोलला. "दोन वरसं चौकशी करता, दाजी, आन न्हाई मातुर उभ्या उभ्या म्हनता!"

मी त्याला काय काय ऐकवले ते वाटेवरच्या गाडीवानांनीही ऐकले असेल. चार माणसांत माझ्या चंचीत हात घालणारा हा कोण? मुलगी काय बाजारातली वांगी आहेत, जाता जाता पिशवीत टाकायला? सुपारी फुटू दिली नाही याचे मला आजही समाधान आहे.

भोरला पोचलो तेव्हा शेवंताने पायावर पाणी घातले. बापू बाहेर ओट्यावर टेकला. मी तिला सगळे सांगितले. ओढे, काडीकचरा, धूर, झऱ्याची चढण, हंडे. ती तांब्या हातात धरून ऐकत होती.

"आन पोरगा कसा व्हता, आबा?"

मी तोंड उघडले. पोरगा होता. खांबाजवळ कुणीतरी बसलेले होते. मी त्या वेळी छपराचे वासे बघत होतो. उंच की बुटका, हसरा की घुमा, त्याचा आवाज तरी मी ऐकला का, काही केल्या डोळ्यांपुढे येईना. बैलांची शिंगे मात्र मी अजून पाटीवर काढून दाखवीन.

"आबा?"

"बापूला विचार," मी म्हणालो. सबंध प्रवासात आला नाही एवढा राग मला ते म्हणताना आला.

ती तांब्या ठेवून, पदराला हात पुसत ओट्यावर गेली. बराच वेळ आत आली नाही.